भागाबाईची चार वाक्यं

८ जानेवारी, गुरुवार

एकवीस दिवस तोंडातून अक्षर काढायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा नंदकुमारांनी त्यांचे दोन्ही हात धरून आभार मानले. इंदूरहून बुऱ्हाणपूरला येईपर्यंत गाडीत ते एकटेच बोलत होते. बेचाळीस वर्षांच्या संसारात आज पहिल्यांदा माझं वाक्य पूर्ण झालं, असं त्यांनी ड्रायव्हरलासुद्धा सांगितलं. ड्रायव्हर हसला. शाळेत शेवटच्या बाकाकडे पाहायचे, तसं मी दोघांकडे पाहिलं. पण आवाजाशिवाय नजर म्हणजे शाई नसलेलं पेन.

स्वरयंत्रावर मोहरीएवढ्या दोन गाठी होत्या. काढल्या, साध्या निघाल्या. आवाज परत येईल, कसा येईल ते सांगता येत नाही म्हणे. कुजबुजायलाही बंदी. अडतीस वर्षं मुलींना इंग्रजी शिकवलं, भिंतीपलीकडच्या वर्गालाही फुकटात शिकवलं. त्याचं हे बक्षीस. म्हणून ही वही. जे तोंडाने बोलायचं ते हाताने बोलेन.

नंदकुमारांनी बुधवाऱ्याच्या बाजारातून पाटी आणली आणि दोरी बांधून माझ्या गळ्यात घातली. मी ती काढून पलंगावर आपटली. त्यांना काही कळलं नाही. कॉन्व्हेंटमध्ये मराठी बोलताना सापडलेल्या मुलीच्या गळ्यात लाकडी चकती अडकवायचे. तिसरीत असताना मी ती अकरा वेळा घातली. चौथीपासून एकदाही नाही. आता पाटी आहे, दोरी नाही.

संध्याकाळी लेकीचा, रश्मीचा, पुण्याहून फोन. तिचं घर बदलणं, नोकरी बदलणं चाललंय, म्हणून जूनपासून तिची तृप्ती आमच्याकडे आहे. चौदा वर्षांची पोर, पण बोलताना अडखळते. नंदकुमारांनी फोन स्पीकरवर लावला. रश्मी म्हणाली, "आई, तिच्या बाई सांगतात, सहा महिन्यांत वर्गात एक वाक्य बोलली नाही. पुण्यात इतकं नव्हतं. मार्चची परीक्षा झाली की मी तिला घेऊन जाते. पुण्यात नाही जमलं तर हॉस्टेल."

मी पाटीवर लिहिलं: मी तिचं प्रत्येक वाक्य सुधारते. अडली की लगेच पुरं करून देते. पोरीला त्रास नको. नंदकुमारांनी वाचून दाखवलं.

रश्मी म्हणाली, "हो आई. मला माहीत आहे."

निदान तिला जाणीव आहे. पण तृप्तीला मी नेऊ देणार नाही. या घरात ती आली तेव्हापासून दुपारला दुपारपण आलंय.

९ जानेवारी, शुक्रवार

आज 'ऑडमेंट्स' परत आलं.

तृप्ती शाळेतून धावत आली आणि म्हणाली, "आजी, रीबूट आलंय. तुझ्या क-क-कट—" मी तोंड उघडलं आणि मिटलं. तिने पुरं केलं, "कटपीसचं." पाटीवर मी विचारलं, रीबूट म्हणजे काय, जुने बूट परत घातले? तिला हसू आलं; जुनं कार्टून नव्याने काढलंय म्हणे.

ही गोष्ट या वहीलाही सांगून ठेवते. सत्त्याण्णव साली आमच्या भागात केबल चालवणाऱ्या चंदनला दुबईच्या मावसभावाने एका इंग्रजी कार्टूनच्या कॅसेटी पाठवल्या. कोणाला नको असलेली तीन पोरं, अंगी विचित्र शक्ती, शहर वाचवतात आणि शहर त्यांना हाकलतं. चंदनला इंग्रजीचं 'अ' येत नव्हतं. तो मला म्हणाला, "मॅडमजी, आप बोलो ना माइक पे." दर रविवारी सहाला मी त्याच्या खोलीत बसून चित्र चालू असताना मराठीत बोलत असे, मध्येच हिंदीत, जसं गावात बोलतात तसं. 'ऑडमेंट्स' म्हणजे कापडाच्या ठाणाच्या शेवटी उरलेले तुकडे. यंत्रमागांच्या गावात त्याला शब्द शोधावा लागत नाही. मी त्यांना 'कटपीस' म्हटलं. भंगाराचा बनलेला पोरगा 'स्क्रॅप', त्याचा केला उखर्डू. धिप्पाड मुलगी झाली भागाबाई. आणि जिच्या आवाजाने काचा फुटतात म्हणून जी बोलतच नाही, ती चिडीचूप.

अजून बाजारात केस पिकलेले बाप्ये मला 'कटपीसवाल्या मॅडम' म्हणतात. अडतीस वर्षं व्याकरण शिकवलं, त्याचं काही नाही.

आज दोन भाग पाहिले. हिंदी आवाज अजून यायचा आहे, सगळं इंग्रजीत. गुण आधी, दोष मग, ही माझी पेपर तपासायची पद्धत. गुण: चित्रं. असं वाटतं की कोणीतरी ओल्या कागदावर रंग सोडला आणि मग शहराला सांगितलं, आता यात राहा. दिव्यांना कडा नाहीत. पोरं छपरांवरून चालतात तेव्हा छपरं किंचित दबतात, गादीसारखी. पाहताना माझे स्वतःचे पाय हलके झाले.

दोष: भागाबाई बारीक केली! तिची कंबर माझ्या मनगटाएवढी. ही बाई पूल कसा उचलणार? शिवाय जो तो आपलं दुःख स्वतःच समजावून सांगतो. लहानपणी मला असं झालं, म्हणून मी तसा. आमच्या जुन्यात भागाबाई कशी तडकाफडकी बोलायची! 'मी जाड नाही, दारं अरुंद आहेत.' ते कुठे गेलं? आणि चिडीचूप एका ठिकाणी तीन मिनिटं पुलाखाली नुसती बसून राहते. ना बोलणं, ना संगीत. तीन मिनिटं फुकट. मी असते तर तिथे काहीतरी बोलले असते.

दहापैकी पाच.

११ जानेवारी

पाटीवर लिहून भांडता येत नाही. 'तुम्ही' लिहीपर्यंत नंदकुमार बाहेर गेलेले असतात.

आवाज नसलेलं घर पाण्याखाली गेल्यासारखं वाटतं. लांबच्या मागांची खटखट येते, ऊन फरशीवरून हळूहळू सरकतं, आणि मी तळाशी बसून वरच्या माणसांचे पाय पाहते. आज दुपारी डोळा लागला. स्वप्नात आमची जुनी गल्ली होती आणि प्रत्येक खिडकीतून माझाच आवाज येत होता. पुढे चालले तसा मागचा विझत गेला. शेवटच्या घरापाशी मी थांबले. आत कोणीतरी बोलणार होतं, पण माझा आवाज तिथे आधीच पोचला होता.

उठले तर तृप्ती उशाशी बसून काहीतरी रंगवत होती.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. नंदकुमारांनी हातावर तिळगूळ ठेवला आणि म्हणाले, "घे. यंदा गोड बोलशीलच." मी तो खाल्ला आणि पाटीवर लिहिलं: सात दिवस झाले, चौदा उरले, मोजत राहा.

मथुराबाई वाण घेऊन आली. ती आमच्याकडे अठरा वर्षं स्वयंपाक करते; माहेर तापीकाठचं, केळीबागांतलं. तिचं आणि माझं पटतं, कारण आम्ही दोघी एकमेकींना घाबरत नाही.

तृप्तीने तिला विचारलं, "मथुराबाई, उ-उखर्डू म्हणजे काय ओ?"

"माह्या भावाचं नाव ना!" मथुराबाई म्हणाली. "माह्या मायची तीन लेकरं गेली एकामागून एक. मंग हा झाला तसा आजीनं उचलला, अन् उकिरड्यावर टाकून आली. सुपात घालून. मंग शेजारीण गेली, 'कोनाचं लेकरू पडलं इथं' म्हने, अन् घेऊन आली. सव्वा रुपयाले मायनं परत घेतला. म्हून उखर्डू."

"पण काहून?" तृप्तीने तिच्याच बोलीत विचारलं.

"मरन येते तं चांगलं घर पाहून येते. फेकलेल्याले कोन नेते?"

हे नाव मी तिच्याकडूनच घेतलं होतं. तेव्हा ती चंदनच्या आईकडे कामाला होती. कार्टून लागल्यावर रावेरच्या बसमध्ये पोरं तिच्या भावाला सलाम करायची, हे तिने आज तृप्तीला सांगितलं. "आधी लाजे तो नावाले. मंग मिशी ठेवली."

तृप्ती खूप वेळ हसत होती. एक लक्षात आलं: मथुराबाईशी बोलताना ती एकदाच अडखळली. जीभ मोकळी व्हावी म्हणून सकाळी तिला मधात उगाळलेलं वेखंड चाटवते, त्याचा गुण येतोय. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली बाई वेखंड उगाळते हे कोणाला सांगणार नाही, पण गुण तर येतोय.

१६ जानेवारी, शुक्रवार

तिसरा आणि चौथा भाग. मथुराबाई मटार सोलायला टीव्हीपुढे बसली आणि पाच मिनिटांत वैतागली. "हे काय बोलून राहिले? मॅडम सांगायच्या तसं कोनी सांगा ना. अहो साहेब!"

नंदकुमार म्हणाले, "मला इंग्रजी फक्त रिटायरमेंटच्या कागदापुरतं येतं."

"मंग तू सांग," मथुराबाई तृप्तीला म्हणाली.

तृप्तीने माझ्याकडे पाहिलं. ती नेहमी बोलायच्या आधी माझ्याकडे पाहते, मी मदतीला आहे याची खात्री करायला. मी खुणेने दाखवलं की मला बंदी आहे. मग ती टीव्हीकडे वळली. भागाबाई पडद्यावर दार तोडून आत आली आणि माझ्या शेजारून एक जाड, घोगरा, खेडवळ आवाज आला: "कोन रे तो? कोनाले भंगार म्हनला? पुन्यांदा म्हन!"

मथुराबाईच्या हातातल्या शेंगा खाली पडल्या. "अगं माय! हे पोरगी!"

तृप्ती दोन भाग बोलली. भागाबाईचा आवाज, उखर्डूचा आवाज, खलनायकाची हिंदी: "सुनो बच्चा लोग, ये शहर तुम्हारा नहीं है." एकदाही अडखळली नाही. व्याकरणाच्या चुका मी मोजल्या, सव्वीस. 'ती गेला' म्हणाली एकदा, हिंदीच्या नादात. पाटीवर लिहायला घेतलं, पण खडू सापडेना. मथुराबाईने तो पदराखाली ठेवला होता असं नंतर कळलं. कशासाठी ते विचारलं तर म्हणाली, "घसरून गेला असंल."

वेखंड दुप्पट करावं का?

आजच्या भागांबद्दल. गुण: उखर्डूच्या अंगाला फेकलेल्या वस्तू आपोआप चिकटतात, हे नवीन लोकांनी फार सुंदर दाखवलंय. तुटकी छत्री, कोणाचा तरी एक बूट, वाढदिवसाचा फुगा. तो चालतो आणि शहरभरचं टाकलेलं त्याच्यामागून तरंगत येतं, मिरवणुकीसारखं. दोष: पोरं सारखी विनोद करतात. दुःख आलं की विनोद, प्रेम आलं की विनोद. जणू शांत राहिलं तर प्रेक्षक उठून जाईल.

हे लिहिल्यावर लक्षात आलं की गेल्या शुक्रवारी मी उलट तक्रार केली होती. असू दे.

सहा गुण.

१८ जानेवारी, रविवार

सकाळी तृप्तीबरोबर राजघाटावर गेले. तापीवर धुकं इतकं होतं की पलीकडचा काठ नव्हताच. एक माणूस नावेत उभा होता, आणि नाव दिसत नव्हती. तृप्ती म्हणाली, "आजी, सेम कार्टून."

पायऱ्यांवर बसलो. ती बोलायला लागली. शाळेतल्या रांगेबद्दल, एका मुलीबद्दल जी डबा शेअर करते पण नाव विचारत नाही, पुण्याच्या घराच्या गॅलरीबद्दल. अडखळत होती. एका 'म'वर तर इतकी अडली की धुक्यातून एक पूर्ण बगळा उडत आला, आमच्यावरून गेला आणि परत धुक्यात शिरला, तेव्हा कुठे 'मम्मी' हा शब्द आला. मला तो शब्द बगळ्याच्या आधीपासून माहीत होता. जिभेवर होता. गप्प बसून घसा दुखला, खरंच दुखला.

"मम्मी म्हणते, तिच्या लहानपणी तू तिच्याशी पण असंच बोलायचीस," ती म्हणाली.

कसं, हे पाटीवर विचारणार होते, पण पाटी घरी राहिली होती.

२० जानेवारी, मंगळवार

चंदन आला. आता तो इंटरनेटचं कनेक्शन देतो, पोट सुटलंय, पण 'मॅडमजी' तसंच. "आपकी तबियत का सुना. ये देखो, काय आणलं. त्या जुन्या कॅसेटी! इंदूरला देऊन साफ करवून पेन ड्राइव्हमध्ये घेतल्या. ओरिजिनल! अब दिखाओ सबको, नवीनवाल्यात काय दम आहे." पेन ड्राइव्ह हातात ठेवून, चहा पिऊन गेला. माझा आवाज त्यात नाही. तो तेव्हा फक्त केबलच्या तारेतून गेला, कुठे उतरलाच नाही.

तृप्ती शाळेत, नंदकुमार झोपलेले. मी एकटीने लावलं. तिला पुरावा दाखवायचा होता की जुनं काय होतं.

पुढचं लिहू की नको असं झालंय. पण ही वही मीच वाचणार.

भागाबाईला चार वाक्यं आहेत. सगळ्या भागांत मिळून चार. तिचे प्रसंग मी पुन्हा लावून पाहिले, मोजले. एक 'हो', एक 'मी उचलते', एक 'सॉरी', आणि एक 'मला भूक लागली', ज्यावर बाकीचे हसतात. दारं अरुंद आहेत हे ती कुठेच म्हणत नाही. त्या वेळी ती नुसती उभी आहे, तोंड मिटून. मी म्हणाले होते ते. मी.

आणि शेवटी उखर्डू मरतो. स्पष्ट मरतो. इंग्रजीत तसं म्हणतात, दोनदा. मला आठवतं, तेव्हा चंदनच्या खोलीबाहेर पोरं दाराला कान लावून बसली होती, आणि मी माइकमध्ये म्हणाले, 'झोपलाय.' अठ्ठावीस वर्षांत माझाही त्यावर विश्वास बसला होता.

चिडीचूप या जुन्यातही पुलाखाली बसते. तीन नाही, चार मिनिटं. मागे पाणी वाहतं, इतकंच. त्या वेळी मी काय बोलत होते ते आठवेना. काहीतरी बोलत होते नक्की, कारण ते पाणी मी आज पहिल्यांदा ऐकलं.

पेन ड्राइव्ह गव्हाच्या डब्यात ठेवला आहे.

२१ जानेवारी

तृप्तीने विचारलं, चंदनकाका काय देऊन गेले. पाटीवर लिहिलं: बिल.

२३ जानेवारी, शुक्रवार

वसंत पंचमी. तृप्ती शाळेतून पिवळी ओढणी घेऊन आली आणि तीच ओढून टीव्हीपुढे बसली. शेवटचे दोन भाग. आज गर्दी होती: मथुराबाई, नंदकुमार, आणि मथुराबाईबरोबर तिचा भाऊ. साक्षात उखर्डू. साठीचा, मिशी पांढरी, केळीच्या चिकाचे डाग पडलेला सदरा. दारातच थांबला. "बहीन म्हने, माहा शेवट हाये आज."

मी खुर्ची दाखवली. तो जमिनीवर बसला.

तृप्ती बोलत होती. मी डोळे मिटले तर खोलीत पाच-सहा माणसं आहेत असं वाटे. संध्याकाळचं ऊन तिच्या ओढणीतून पिवळं होऊन भिंतीवर पडलं होतं, आणि पडद्यावर धरण फुटत होतं, निळं, सावकाश. तिथल्या उखर्डूने अंगावरचं एकेक भंगार काढून भगदाडात लावलं. छत्री, बूट, पत्रे. शेवटी त्याच्याकडे काहीच उरलं नाही. आत एक लहानसा पोरगा होता, गवताच्या काडीसारखा. पाणी थांबलं. तो खाली पडला.

बारीक केलेली भागाबाई त्याच्याजवळ आली आणि इंग्रजीत म्हणाली की तो गेला, आता परत येणार नाही. अगदी साधं वाक्य. सातवीच्या मुलीलाही कळावं.

तृप्ती गप्प झाली. मला वाटलं, अडली. पाटी माझ्या मांडीवर होती, खडू हातात होता. वाक्य लिहून दाखवायला चार सेकंद लागले असते. खाली बसलेला म्हातारा तिच्याकडे पाहत होता, पडद्याकडे नाही.

मग ती भागाबाईच्या आवाजात म्हणाली, "झोपलाय. झोपू द्या त्याले. फेकलेल्याले कोन नेते?"

खाली बसलेल्या उखर्डूने मान हलवली, जणू ही गोष्ट त्याच्या माहितीतली आहे. मथुराबाई पदराने डोळे पुसत म्हणाली, "हा, बराबर. मॅडमनं बी तसंच सांगितलं होतं. तसंच हाये ते."

तृप्तीने हळूच माझ्याकडे पाहिलं. घरात इंग्रजी येणारी तिच्याशिवाय मी एकटीच. ही चूक होती, ढळढळीत. मी ती कुठल्याही वहीत लाल शाईने खोडली असती.

मी खडू पाटीच्या चौकटीत ठेवला.

नंतर चिडीचूपचा शेवटचा प्रसंग होता. ती पुलाखाली बसते, आणि पाण्यावर दिवे. तृप्ती तिथे काही बोलली नाही. कोणीच काही बोललं नाही. पहिल्या शुक्रवारी याला मी दोष म्हटलं होतं. तो दोष आज खोडते. भागाबाईच्या कंबरेचा मात्र कायम.

गुण देत नाही. हा पेपर मी तपासायचा नव्हता.

२५ जानेवारी, रविवार

रश्मीचा फोन. तृप्ती फोन घेऊन गच्चीवर गेली आणि अर्ध्या तासाने खाली आली. मग नंदकुमार तिच्याशी बोलले आणि म्हणाले, रश्मी रडत होती, पण बरं रडत होती. मार्चचं काय, असं मी लिहून विचारलं. "ती म्हणते, पोरीलाच विचारणार. पोरगी म्हणते, आजीचा आवाज आल्यावर सांगते."

आवाजाचा आणि याचा काय संबंध? मी लिहिलं. ते म्हणाले, "कोकिळा, तू फार हुशार बाई आहेस." आणि पेपर घेऊन बाहेर जाऊन बसले.

यात टोमणा आहे. नक्की कुठे आहे ते सापडत नाही.

२७ जानेवारी

आज वेखंड उगाळायचं राहिलं. उद्याही राहील बहुतेक. मध तेवढा देते.

गल्लीचं स्वप्न परत पडलं. या वेळी खिडक्या बंद होत्या आणि मागांची खटखट थांबलेली. शेवटच्या घरापाशी मी दाराला कान लावून बसले, त्या पोरांसारखी.

२८ जानेवारी, बुधवार

इंदूरला डॉक्टरांनी घशात आरसा घालून पाहिलं आणि म्हणाले, छान भरलंय, बोला. मी मान हलवली. "बोला ना," ते म्हणाले. मी परत मान हलवली. नंदकुमारांनी डॉक्टरांना सांगितलं, "घरी जाऊन बोलेल. पहिलं वाक्य मला असणार. मी ओळखून आहे, दूधवाल्याचंच काहीतरी असेल."

मला भीती वाटत होती, दुसरं काही नाही. दुसऱ्याच कोणाचा तरी आवाज निघाला तर?

घरी पोचलो तेव्हा चार वाजले होते. तृप्ती शाळेतून येऊन ओट्यापाशी उभी होती. दूध तापत ठेवलेलं. ओट्यावर, चहाच्या डब्याशेजारी, तो पेन ड्राइव्ह. दळणाला गहू काढायला म्हणून डबा उघडला असणार, कधी कोण जाणे. शाळेत नेऊन पाहिला की घरी, ते विचारलं नाही. तिचा चेहरा पाहून कळलं की पाहिला.

तिने विचारलं, "आजी, भ-भ—"

तिने डोळे मिटले. मान किंचित मागे गेली, जशी जाते. मी तिच्या पलीकडे, पातेल्याच्या कडेशी आलेली साय पाहिली. नंदकुमार दारात उभे होते, त्यांनाही ती दिसत होती. वाक्य मला पूर्ण माहीत होतं, शब्दन्‌शब्द. आणि आता आवाजही होता.

"भ-भ-भा—"

साय फुगली. बाहेर कोणाची तरी सायकल गेली. दूध वर आलं, काठावर थांबलं, आणि मग ओसंडून बर्नरवर, ओट्यावर, खाली फरशीवर. करपल्याचा वास सुटला. तिघांपैकी कोणीच हललं नाही. मी तिच्या तोंडाकडे पाहत होते आणि मला कसलीच घाई नव्हती. पुलाखालचं ते पाणी ऐकू यावं, इतकं शांत होतं.

"भागाबाईला," ती म्हणाली, "खरंच किती वाक्यं होती?"

"चार," मी म्हणाले.

आवाज माझाच निघाला. थोडा खालचा, थोडा खरखरीत.